रजिस्टरवर बसलेल्या बाई

डॉक्टर बाई कुणालाही 'का' असं विचारत नसत. समोर बसलेली पोरगी पदराचं टोक पिळत, लांबून सुरुवात करायला लागली की बाई तिला मधेच तोडत. "कावून आलीस ते ऱ्हाऊ दे. कदीपासून ते सांग."

ही माणुसकी आहे हे मला पहिले सहा महिने कळलंच नाही. मला तो उद्धटपणा वाटला. मी तेव्हा बीड जिल्ह्यात बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत नव्यानंच लागले होते आणि मला पत्रकं लिहिता यायची. पहिली ओळ ठळक, दुसरीत सवाल, तिसरीत मागणी. माझ्या पत्रकातला डॉक्टर बाईशी हसून बोलायचा, तिचा हात हातात घ्यायचा. या बाई हसत नसत, आणि हात धरला तर नाडी बघायला.

त्यांचा दवाखाना मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला खताचं. बाहेर पाटीवर नाव आणि डिग्री, बाकी काही नाही. आत भिंतीवर सरकारी प्रमाणपत्र टांगलेलं होतं, की बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात इथं कायदेशीरपणे करता येतो. ते बरोबर दाराच्या मागं होतं. दार उघडं असलं की झाकलं जायचं, आणि दार दिवसभर उघडंच असायचं.

त्या वेळी आसपासच्या टापूत हे काम उघडपणे करणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं. मुलगी आहे म्हणून पोटं पाडणाऱ्यांनी आमच्या जिल्ह्याचं नाव असं घालवलं, की नंतर धाक बसला तो भलत्यांनाच. गुन्हा करणारे आणखी आतल्या गल्लीत गेले. ज्या बायकांना कायद्यानं हक्क आहे, त्या मात्र दारातून परत जायला लागल्या. औषधाच्या दुकानात गोळ्या मागितल्या तर दुकानदार आधी गळ्यात मंगळसूत्र आहे का बघतो, मग पोटाकडे बघतो, मग "संपल्यात" म्हणतो. इतकी वर्षं संपलेलं औषध मी दुसरं बघितलेलं नाही.

बाईंकडे सोनोग्राफीचं मशीन नव्हतं. घ्यायचंही नव्हतं. मशीन घेतलं की त्याच्यामागं कोण कोण येतं हे त्यांना पाठ होतं. मग आठवडे कसे मोजायच्या? पाळीची तारीख आमच्याकडच्या बायकांना सहसा सांगता येत नाही. कॅलेंडरवर खुणा करायला कॅलेंडर आपलं लागतं, भिंत आपली लागते. बाई तारीख विचारतच नसत.

"महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरण कोणी वाटलं?"

पोरगी गोंधळायची. डॉक्टर पुरणाचं कशाला विचारतीय? पण उत्तर तिच्याकडे लगेच असायचं. त्या दिवशी आपण सोवळ्यात चुलीपुढं होतो की बाजूला बसलो होतो, हे कुठलीही बाई जन्मात विसरत नाही. आपण बाजूला बसल्यामुळं जावेनं वाटलं, सासूनं दिवसभर तोंड वाकडं केलं, सगळं आठवतं. पुढं बाई मागं-पुढं सरकत जायच्या. पोळ्याला बैलाला ओवाळलंस का? घटाला पाणी कोण घालत होतं? चार प्रश्नांत आठवडा हातात यायचा. मग तपासून बघायच्या, आणि शंका असली तरच बाहेरून सोनोग्राफी करून आणायला सांगायच्या. ज्या शिवाशिवीविरुद्ध मी पत्रकं काढत होते, तिचाच असा उपयोग करून घेतलेला मला खपला नाही. मी बाईंना तसं म्हटलंसुद्धा.

"तुजं पत्रक निघेपत्तूर हिचे दिवस थांबणार हायत का?" बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या मला 'पत्रकवाली' म्हणायला लागल्या. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

बाळंतपणं त्या करत, पण त्यांचा खरा जाच त्याच्या आधी असायचा, आणि तो नवऱ्यांना. बायकोच्या हिमोग्लोबिनचा रिपोर्ट नवऱ्याच्या हातात द्यायच्या आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावायच्या. एकदा एक जण वाचून म्हणाला, "सहा." आणि चांगले मार्क पडल्यासारखा उभा राहिला.

"सहा म्हंजी किती कळतं का?"

"न्हाई."

"गाडी हाय का तुज्याकडं?"

"हाय की."

"रिझर्व्हला लागली की काय करतोस?"

"पंपावर नेतो."

"ही चार महिने रिझर्व्हवर हाय. अन् तू हिला घेऊन ऊस तोडायला निगालास."

बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तो गडी लाल झाला, पण पुढच्या आठवड्यात बायकोला सुया द्यायला घेऊन आला. तसे सगळेच येत नसत. काही जण दवाखाना बदलायचे. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. निदान तसं दिसायचं नाही.

त्या भागातले एक पुढारी होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत, तर मीही तेवढंच म्हणते. जमीन मोठी, गाड्यांचा ताफा मोठा, आणि लेक वाचवण्याच्या फेरीत पांढऱ्या कपड्यांत सगळ्यांच्या पुढं. हे अण्णा एकदा सुनेला घेऊन आले. दोन नाती होत्या, आता काय आहे ते 'जरा बघून' हवं होतं. मशीन नसलं तरी बाईंची ओळख असेल कुठंतरी, असा त्यांचा हिशोब. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सुनेऐवजी अण्णांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. फुगा दाबत राहिल्या. मग बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात आयाला म्हणाल्या, "शेवंता, पलंग मोकळा कर. अण्णांचा बीपी लई वाढलाय. अशा टायमाला माणूस कायबी बोलतंय."

अण्णा गेले. सून जाताना एकदा मागं वळून बघत होती, एवढं शेवंतानं मला सांगितलं.

आता रजिस्टरचं सांगते. गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव ज्या वहीत लिहायचं, ती वही कायद्यानं गोपनीय असते. ती कपाटात, कुलपात ठेवावी अशी अपेक्षा. बाईंचा कुलपावर विश्वास नव्हता. किल्ली कुणाकडंही जाऊ शकते, त्या म्हणत. त्या ती वही खुर्चीवर ठेवत, वर घोंगडीची चौघडी, आणि तिच्यावर स्वतः बसत. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की पिशवीत घालून घरी. इतकी वर्षं बसून वहीचा पुठ्ठा मधोमध खोल गेला होता. मला ते विनोदी वाटायचं. पाहुणे कार्यकर्ते आले की मी ती गोष्ट रंगवून सांगायचे.

मग लंका आली.

लंका लिंबागणेशच्या पुढच्या एका वस्तीवरची. तीन लेकरं. तिसरं मूल उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत झालेलं. तेव्हा रक्त थांबेना, दोन पिशव्या चढवून वाचली होती, आणि तिथल्या डॉक्टरनं बजावलं होतं की पुन्हा दिवस राहिले तर जीव जाईल. पुन्हा दिवस राहिले. नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकाकडे गेला होता, ही मागून जाणार होती. फोनवर तो म्हणाला, काय ते कर, पण नीट हो. हा माणूस आडवा आलेला नव्हता. आडवे आले ते दवाखाने. एकानं आम्ही हे करत नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं सासूला आण म्हटलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यानं नवऱ्याची सही मागितली. सज्ञान बाईच्या गर्भपाताला तिची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही, हा कायदा. पण कायदा लंकाला माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत असायला हवा त्यांनी तो तिला सांगितला नाही. पाच आठवडे असे गेले.

बाईंनी तिला पुरणाचं विचारलं. अकरावा आठवडा संपत आला होता. आतल्या खोलीतलं काम बाई गुरुवारीच करत. त्या दिवशी शुक्रवार होता. "येत्या बेस्तरवारी सकाळी ये. काय खाऊन येऊ नको."

लंका गेल्यावर माझं डोकं फिरलं होतं. दहा मैलांवर कायदेशीर दवाखाना असताना तो बाईला सापडायला पाच आठवडे का लागावेत? मी बाईंना म्हटलं, तुमचं नाव पत्त्यासकट छापते. बाई म्हणाल्या, "न्हाई." मी कारण विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कारण विचारायची त्यांना सवय नव्हती, तशी द्यायचीही नव्हती.

मला वाटलं, बाई घाबरल्या.

मी छापलं. शनिवारी छापलं, रविवार-सोमवारी आष्टीच्या बाजारात आणि मांजरसुंब्याच्या स्टँडवर वाटलं. 'गर्भपात हा तुमचा कायदेशीर हक्क. नवऱ्याची सही लागत नाही. कुठे मिळेल?' खाली चौकटीत बाईंचं नाव, डिग्री, टायरच्या दुकानाची खूण. एकही शब्द खोटा नव्हता. ते पत्रक मी आजही जपून ठेवलंय, आणि आजही त्यातला एकही शब्द खोटा नाही.

मंगळवारी त्याचा फोटो फोनाफोनांवर फिरला. वर कुणीतरी लिहिलं होतं, 'भरबाजारात गर्भपाताची जाहिरात.' बुधवारी साडेदहाला पथक आलं. एक अधिकारी, दोन कर्मचारी, एक महिला कॉन्स्टेबल, कॅमेरा घेतलेला एक चॅनलवाला आणि पांढऱ्या कपड्यांत अण्णा.

बाईंनी प्रमाणपत्र दाखवलं. खोली दाखवली, औषधं दाखवली, अवजारं मोजून दिली, सगळं शेवंताकरवी. स्वतः खुर्चीवरून हलल्या नाहीत.

"रजिस्टर द्या," अधिकारी म्हणाले.

"कोर्टाचा कागद हाय का?"

"मॅडम, तपासणी आहे. सहकार्य करा."

"करतीय की. खोली बगा, मला बगा. नावं बगायची तर कागद आणा."

"रजिस्टर कुठं आहे?"

"मी बसलीय तितं."

चॅनलवाल्यानं कॅमेरा खुर्चीच्या पायांकडे वळवला. अण्णा म्हणाले, ही लोकं अशीच असतात, काहीतरी दडवल्याशिवाय कोण वहीवर बसतं? अधिकारी दोनदा बाहेर जाऊन फोन करून आले. शेवंतानं बारा वाजता बाईंना चहा दिला, दोन वाजता भाकरी दिली. बाईंनी भाकरी तिथंच, रजिस्टरवर बसून, सगळ्यांसमोर खाल्ली, आणि अधिकाऱ्यांना चटणी हवी का विचारलं. शेवटी अधिकाऱ्यांनी त्या कॉन्स्टेबलला सांगितलं, मॅडमना उठवा.

ती खुर्चीपर्यंत आली. भिंतीवरच्या लसीच्या पोस्टरकडं बघत म्हणाली, "सर, बाई वयस्कर हायत. काय झालं तर आपल्यावर येईल." आणि मागं सरली.

तिचं नाव त्या वहीत होतं की नव्हतं, मला माहीत नाही. बाईंनी ते मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

चार वाजता पथकानं वहीचा नाद सोडला आणि आतल्या खोलीला लाखेचं सील ठोकलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत. गाड्या गेल्या. बाईंना उठता येईना, गुडघे धरले होते. शेवंतानं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून उभं केलं. मी माफी मागायला तोंड उघडलं. वाक्य तयार होतं माझं, चांगलं वाक्य होतं.

"लंकाला निरोप कोण देनार?" बाई म्हणाल्या.

निरोप मी दिला. वस्तीवर जाऊन, तिच्या सासूसमोर, लस घ्यायला बोलावलंय असं खोटं सांगून तिला बाहेर घेऊन, आणि मग बाभळीखाली खरं. लंका म्हणाली, "म्हंजी आता मरायचं का?" रागानं नाही. चौकशी केल्यासारखं.

शुक्रवारी आम्ही तिघी एसटीनं निघालो. मांजरसुंब्याला गाडी बदलली. बाई इतक्या वर्षांत दवाखाना बंद ठेवून कुठं गेलेल्या शेवंताला आठवत नव्हत्या. तोच मोठा सरकारी दवाखाना, तीच खिडकी. तिथला डॉक्टर पोरगेलासा होता आणि बोलायला चांगला होता. हसूनच बोलला. केस पेपर बघितला आणि म्हणाला, नवऱ्याची सही लागेल.

"कुठं?" बाईंनी विचारलं.

"फॉर्मवर."

"दाखव."

त्यानं संमतीचा फॉर्म काढला. वाचला. उलटला. मागची बाजू कोरी होती. पुन्हा सुलट केला.

"फॉर्मवर नाहीये तसं," तो म्हणाला, "पण आमच्याकडे पद्धत आहे."

"पद्धतीवर सही कुठं करत्यात?"

बाईंनी आवाज चढवला नाही. केस पेपर त्याच्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, हिला पूर्वी रक्त चढवलंय, हिचा जीव जाऊ शकतो, तरी नवऱ्याची सही नाही म्हणून परत पाठवली, एवढं लिही आणि खाली तुझं नाव आणि नोंदणी नंबर घाल. मग आम्ही जातो. पोरानं पेन उघडलं, थांबला, पेन बंद केलं आणि वरिष्ठांना विचारायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात स्टॅम्प पॅड होतं, कारण लंका अंगठा करील असं त्याला वाटलं होतं. लंकानं पेन मागितलं आणि सही केली. पूर्ण नाव, गावासकट.

सोमवारी काम झालं. आधी रक्त चढवावं लागलं, म्हणून दोन दिवस गेले. तोवर बारा आठवडे उलटले होते. मोठ्या दवाखान्याला ते चालतं, बाईंच्या खोलीला चाललं नसतं. लंका शुद्धीवर आल्यावर तिनं आधी घरी लेकरांना फोन लावायला सांगितला. बाईंनी तिला पंधरा दिवस उसाची मोळी उचलायची नाही म्हणून दम दिला. तिनं फडावर पोचल्यावर तिसऱ्या दिवशी उचलली, हे तिनंच पुढं मला सांगितलं.

सील निघायला पुढचा पाऊसकाळ उजाडला. चौकशीत काहीही चुकीचं सापडलं नाही, असं दोन ओळींचं पत्र आलं. मी पेढे घेऊन गेले. म्हटलं, आता पुन्हा सुरू.

बाई म्हणाल्या, सुरू करून काय करू, येतंय कोण?

माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला अधिकारी दिसत होते, अण्णा दिसत होते, सील दिसत होतं. रिकामा बाक दिसला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं बाईंनी मला कारण दिलं.

"पूर्वी बाई या दारात आली तर ती खोकल्याला आली, पोर दाखवाया आली, अंगावरून जातंय म्हणून आली. गावाला कायबी सांगता यायचं. तू या दाराला एकच नाव दिलंस, पत्रकवाले. आता या पायरीवर जी चढंल ती कशाला चढली, ते समोरच्या टायरवाल्यालाबी ठावं."

मी म्हटलं, लपवायला लागू नये हेच तर आपलं म्हणणं आहे.

"आपलं हाय," बाई म्हणाल्या. "तिला त्याच गावात संसार करायचाय."

कायदेशीर गोष्ट दाराआड ठेवावी लागते हे चूकच आहे, असं मला अजून वाटतं, आणि ज्यांनी ती ठेवायला लावली त्यांच्यावरचा माझा राग कमी झालेला नाही. फक्त त्या चुकीची किंमत कुणी द्यायची हे मी परस्पर ठरवलं होतं, एवढं मला कळतं.

बाईंनी वर्षभर बाळंतपणं तेवढी केली. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या लातूरकडे भाच्याकडे गेल्या. वही त्यांनी बरोबर नेली. शेवंता सांगत होती, सामानाच्या टेम्पोत नाही ठेवली, मांडीवर घेऊन बसल्या. दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

त्या लातूरला गेल्यानंतरचा उन्हाळा. टोळ्या फडावरून परत आल्या होत्या. मी लिंबागणेशच्या बाजारात रेशनकार्डाची पत्रकं वाटत होते. गर्दीतून लंका आली. बरीच काळवंडली होती, पण चालणं ताठ होतं. तिच्यामागं एक बारीकशी बाई, माझ्या ओळखीची नसलेली, पिशवीतल्या कांद्यांकडं बघत उभी. मी सवयीनं एक पत्रक पुढं केलं.

लंकानं हात पुढं केला नाही.

"कागद नगं, ताई," ती हळूच म्हणाली. "मंगळवारी तुमी मोकळ्या हाव का?"

मी पत्रकांचा गठ्ठा पिशवीत घातला, आणि मांजरसुंब्याची सकाळची पहिली गाडी किती वाजता निघते ते दोघींना सांगितलं.